गौर आत कुणी आणायची?

मावशी, सप्रेम नमस्कार.

माझं माहेर चिपळूणचं, सासर परभणीचं. आम्ही दोघं नोकरीमुळे पुण्यात असतो. माहेरी खड्यांच्या गौरी. पाणवठ्यावरून सात खडे आणायचे, तेवढंच मला माहीत. सासरी उभ्या महालक्ष्म्या, ज्येष्ठा-कनिष्ठा आणि त्यांची दोन बाळं. सासूबाई चौतीस वर्षं त्या बसवत आल्या. फाल्गुनात सासरे गेले. आता आई आमच्याकडेच आहेत, म्हणून यंदा महालक्ष्म्याही पुण्यातच बसवायचं ठरलं. परवा चुलतसासूबाई आल्या आणि म्हणाल्या, "यंदापासून सुनेनं बसवायच्या. वहिनींनी आता हात लावू नये, त्यांनी स्वैपाकघर बघावं. लक्ष्मी सवाष्णीच्याच हातून घरात यावी लागते." आई काही बोलल्या नाहीत. रात्री त्यांचा चांदीचा कुंकवाचा करंडा माझ्या हातात ठेवला आणि "हे आता तुझं" म्हणाल्या. तो माझ्या कपाटात आहे, उघडवत नाही.

मला हे पटत नाही, पण भीतीही वाटते. महालक्ष्म्या कडक असतात, काही चुकलं तर घराला भोगावं लागतं, असं सगळे सांगतात. वर्षाच्या आत सण करावा की नाही, हाही प्रश्न आहेच. शिवाय माझी नोकरी. सोळा भाज्या, सोळा कोशिंबिरी, पुरण, फुलोरा मला एकटीला कसं जमणार? नवरा म्हणतो, तुम्ही बायका काय ते ठरवा. या सणाचा अर्थ तरी काय आणि मी करू काय?

एक सून, पुणे

बाळ,

आधी उत्तर देते, कारणं मागून. महालक्ष्म्या तुझ्या सासूबाईंनीच घरात आणाव्यात. एक मुखवटा त्यांच्या हातात, एक तुझ्या. मुखवटे दोन आहेत आणि घरात बायकाही दोन आहेत. पुढच्या वर्षी काय करायचं ते पुढच्या वर्षी बघा, पण यंदा त्यांना स्वैपाकघरात बसवून तू एकटी दारात उभी राहू नकोस.

आता अर्थ विचारलास म्हणून सविस्तर लिहिते.

भाद्रपदात, शुद्ध पक्षात, अनुराधा नक्षत्रावर गौरीचं आवाहन होतं, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन. ज्येष्ठेवर पूजा, म्हणून ज्येष्ठा गौरी. गणपतीची तिथी ठरलेली, चतुर्थी. गौरी मात्र नक्षत्र पाहून येतात, म्हणून गणपती बसल्यावर त्या किती दिवसांनी येणार हे दरवर्षी बदलतं. २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला गणपती बसले आणि २१ ला गौरी आल्या. २०२४ मध्ये ७ ला गणपती, १० ला गौरी. २०२५ मध्ये २७ ऑगस्टला गणपती आणि गौरी थेट ३१ ला. हे तुला एवढ्यासाठी सांगते की ऑफिसात सुट्टी टाकताना गेल्या वर्षीचा हिशेब धरू नकोस. पंचांगात आवाहनाची आणि विसर्जनाची वेळ दिलेली असते, ती आधी बघ.

तुझ्या माहेरी गौर खड्यांत येते. कुठे तेरड्याची रोपं आणून त्यांनाच साडी नेसवतात. कुठे सुगडांची उतरंड रचून वर मुखवटा ठेवतात, कुठे धान्याच्या राशीवर, कुठे नुसतं कागदावर चित्र काढून पूजतात. परभणीकडे पत्र्याच्या कोठ्या, आत गहू-तांदूळ, वर पितळी मुखवटे. तिकडे तिला गौर न म्हणता महालक्ष्मी म्हणतात, पण नक्षत्रं तीच आणि दिवसही तेच. चिपळूणचे खडे आणि परभणीच्या कोठ्या यांत खरी कुठली, असा प्रश्न मनात येत असेल तर तो काढून टाक. ज्या घरात जे हाताशी होतं त्यात बायकांनी तिला पाहिलं, असं मला वाटतं. भाद्रपदात रानात तेरडा फुललेला असतो, पाणवठे भरलेले असतात, खरिपाचं पीक शेतात उभं असतं. हे सगळं घरात घेऊन यायचं, त्याला साडी नेसवायची आणि जेवू घालायचं.

जेवू घालायचं म्हणजे कसं, ते नीट बघ, कारण या सणाचा अर्थ मला पोथीपेक्षा ताटात जास्त सापडला आहे. आवाहनाच्या संध्याकाळी ती येते तेव्हा नैवेद्य काय असतो? बहुतेक घरांत मेथी-शेपूची भाजी आणि भाकरी. साधं जेवण. लांबून आलेली आहे, दमलेली आहे, आल्या आल्या जड जेवण कोण वाढतं? दुसऱ्या दिवशी मात्र पुरणावरणाचा स्वैपाक, कटाची आमटी, आंबील, भाज्या, कोशिंबिरी, पुरणाच्या दिव्यांची आरती. काय करू आणि काय नको असं होतं. कोकणस्थांकडे घावन-घाटलं, तुला ठाऊकच आहे. तिसऱ्या दिवशी तिची ओटी भरायची, बरोबर दहीभात द्यायचा, सोळा पदरी दोऱ्याला सोळा गाठी मारून तिच्यापुढे ठेवायचा, अक्षता टाकायच्या आणि पुन्हा ये म्हणायचं. हा क्रम कुठे पाहिलास तू? तुझ्याच माहेरी. तू चिपळूणला जातेस तेव्हा पहिल्या रात्री आई गरम भात आणि तुझ्या आवडीची साधी आमटी करते, दुसऱ्या दिवशी घरभर वास सुटतो, आणि निघताना डोळे पुसत डबे भरून देते. गौर म्हणजे माहेरी आलेली लेक. सणाचं सगळं व्याकरण या एका गोष्टीवर उभं आहे.

आणि लेक माहेरी आली की दारात कोण असतं? आई असते. आईचं कुंकू गेलं म्हणून लेक माहेरी यायची थांबते का? उलट त्या वर्षी ती दोन दिवस आधी येते. तुझ्या सासूबाईंच्या घरी फाल्गुनात दुःख झालं, आणि भाद्रपदात चौतीस वर्षांच्या ओळखीच्या दोन लेकी भेटायला येताहेत. त्या आल्या आणि आई दारात नाही, आत पोळ्या लाटते आहे, हे चित्र मला सहन होत नाही.

चुलतसासूबाई म्हणतात त्यालाही आधार आहे, ते मी लपवत नाही. असुरांच्या त्रासानं भ्यालेल्या स्त्रिया आपलं सौभाग्य राखण्यासाठी गौरीला शरण गेल्या, तिनं असुरांना मारलं, म्हणून हे व्रत स्त्रिया अखंड सौभाग्यासाठी करतात, अशी कथा आहे. त्यामुळे हे सवाष्णींचं व्रत, असं पिढ्यानपिढ्या मानलं गेलं. चुलतसासूबाई दुष्टपणानं बोलल्या असं मी म्हणणार नाही. त्यांना जे शिकवलं तेच त्या पुढे शिकवताहेत. पण कथा पुन्हा वाच. भ्यालेल्या बायका हाक मारतात आणि देवी धावते. ज्या बाईची भीती खरी ठरली, तिला ही देवी दाराआड उभं करेल, असं त्या कथेत कुठेच नाही. ते आपण मागून जोडलं.

गौरीच्या पूजेनंतर जी कहाणी वाचतात, ती तर मोठ्यानं वाच, सगळ्यांना बसवून. एका गरीब ब्राह्मणाची पोरं गावात घरोघर गौरी आलेल्या बघून येतात आणि आईला म्हणतात, आपल्याकडे पण आण. घरात काही नाही. बाप सामान आणायला निघतो, पण पैसा नाही, म्हणून जीव द्यायला तळ्यावर जातो. तिथं त्याला एक म्हातारी भेटते. ती त्याची समजूत घालते, तो तिला घरी घेऊन येतो. बायको दिवा लावून विचारते, पाहुणे कोण? तो सांगतो, आजी. बायको आंबिलासाठी कण्या बघायला जाते तर मडकं कण्यांनी भरलेलं. त्या रात्री सगळे पोटभर पेज खाऊन झोपतात. सकाळी म्हातारी म्हणते मला न्हाऊ घाल, घावन-घाटलं कर, आणि रड गाऊ नकोस. पुढे खीर हवी म्हणते, तर दूध नाही. मग ती सांगते, जेवढ्या गाईम्हशी हव्यात तेवढे खुंट रोव, दावी बांध, संध्याकाळी नावं घेऊन हाका मार. गाईम्हशी येतात, गोठा भरतो, खीर होते. तिसऱ्या दिवशी म्हातारी म्हणते, मला आता पोचती कर. तेव्हा कुठे कळतं की ही गौर होती.

कहाणीत त्या म्हातारीला 'सवाशीण' म्हटलेलं आहे. चुलतसासूबाईंना ही कहाणी पाठ असेल तर त्या लगेच तेच दाखवतील. दाखवू देत. मी त्यांना एवढंच विचारीन की त्या ब्राह्मणाच्या बायकोनं दारात आलेल्या म्हातारीला काय विचारलं? तुमचे यजमान आहेत का, असं विचारलं? तिनं दिवा वर धरला, पाहुणे कोण विचारलं आणि आजी आहे म्हटल्यावर कण्या बघायला आत गेली. देवी म्हातारीच्या रूपात आली आणि त्या घरानं तिला आत घेतलं, म्हणून त्या घराचं भलं झालं. तुझ्या घरातही एक आजी आहेत.

आणखी एक सांगते. ज्येष्ठा हे नाव नक्षत्रावरून आलं, हे खरं. पण घरोघर आपण दोघी बहिणी मानतो, थोरली ज्येष्ठा, धाकटी कनिष्ठा. पुराणात ज्येष्ठेची एक वेगळी गोष्ट आहे. समुद्रमंथनात लक्ष्मीच्या आधी तिची थोरली बहीण वर आली, तीच अलक्ष्मी. तिला कुणी नको म्हणालं, कुणी हाकललं. लक्ष्मी म्हणाली, थोरलीचं लग्न झाल्याशिवाय मी लग्न करणार नाही. मग उद्दालक ऋषींशी थोरलीचं लग्न झालं, आणि त्यांनीही तिला पिंपळाखाली बसवून सोडून दिलं. गौरींतली ज्येष्ठा तीच, असं ठामपणे म्हणता येत नाही. पण दोन मुखवटे शेजारी शेजारी उभे दिसले की मला ही गोष्ट आठवतेच. आपल्या बायकांनी दोघींना एका मखरात उभं केलं. सारख्या साड्या, सारखे दागिने, एकाच पानाचा नैवेद्य. जगानं अशुभ म्हणून बाहेर ठेवलेलीला धाकटीच्या शेजारी मानानं उभं करायचं, आणि तिच्याच पुढे घरातल्या थोरलीला अशुभ म्हणायचं, हे कसं जमवायचं?

हे सगळं मी आज मोठ्या तोंडानं लिहिते आहे. वेळ होती तेव्हा मी गप्प बसले होते.

माझे वडील गेले तेव्हा मी अकरावीत होते. आमच्याकडेही उभ्या गौरी. त्या वर्षी काकूंनी बसवायच्या असं ठरलं. आवाहनाच्या दिवशी दुपारी आईनं मुखवटे चिंचेनं घासले. नाकाच्या बाजूला, कानाच्या पाळीत काळं बसतं, तिथं ती अंगठ्यानं हळूहळू चोळायची, जणू लहान मुलीचं तोंड धुते आहे. तिनंच साड्यांच्या निऱ्या घातल्या, कारण तशा चुण्या दुसऱ्या कुणालाच जमत नव्हत्या. मग संध्याकाळ झाली. सगळ्या बायका दारात जमल्या, मी ताट आणि पळी घेऊन वाजवायला उभी. कुणीतरी म्हणालं, हळदीकुंकवाचं ताट आतच राहिलं. स्वैपाकघराच्या दाराला फुलांचा पडदा होता. त्या पडद्याच्या कडेनं आईचा हात बाहेर आला. रिकामं मनगट, चिंचेनं सुरकुतलेली बोटं आणि त्यावर ताट. मी पुढं होऊन ते घेतलं. हात आत गेला. बाहेर ताटं वाजायला लागली, गौर आली, सोन्याच्या पावलांनी आली, आणि मी पण वाजवत होते.

मुखवटे घासायला तिचा हात चालला. निऱ्या घालायला चालला. सोळा भाज्या चिरायला, पुरण वाटायला, खरकटं काढायला चालला. फक्त कुंकवाचं एक बोट लावायला चालला नाही. आई पुढं वीस वर्षं जगली. एकदाही गौरीसमोर बसली नाही, आणि मीही एकदाही "आई, चल" म्हटलं नाही. त्या घरात कुणीही वाईट नव्हतं. काकूंनी आम्हाला जीव लावला. म्हणूनच तुला सांगते, अशा गोष्टी करायला वाईट माणसं लागत नाहीत, कुणी काही न बोलणं पुरतं.

माझ्या पणजीच्या पिढीत केशवपनही धर्मच होतं. आज ते करा म्हणायची कुणाची छाती नाही. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातलं हेरवाड गाव तू ऐकलं असशील. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं आपल्या गावात होणार नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसंच करायला सांगितलं. गावानं जमून जे ठरवलं ते पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये ठरवायला अवघड नाही.

आता करायचं कसं. इथं घाई करू नकोस.

सासूबाईंना सगळ्यांसमोर "तुम्हीच बसवा" असं म्हणू नकोस. त्यांच्यावर एकदम सगळ्यांचे डोळे रोखले जातील आणि त्या नको म्हणून मोकळ्या होतील. आधी नुसतं विचारत जा. खरोखरच तुला काही येत नाही, हे फार सोयीचं आहे. कोठीत आधी गहू की तांदूळ? ज्येष्ठा उजवीकडे की डावीकडे? बाळं कुणापुढे कुणाचं? पदर किती सोडायचा? मुठीनं कुंकवाची पावलं कशी उठवतात? मूठ मिटून कडेनं टेकवायची आणि वर बोटाच्या टोकानं पाच ठिपके द्यायचे, हे मी लिहून सांगितलं तरी तुला जमायचं नाही. ते त्यांच्या शेजारी बसून, त्यांचा हात बघूनच येतं. चार दिवस असे प्रश्न विचारलेस की त्या उठून दाखवायला लागतील. मग एका संध्याकाळी, दोघीच असताना म्हण, "आई, ज्येष्ठा तुम्ही आणा, कनिष्ठा मी आणते. मला एकटीला उंबऱ्यात भीती वाटते." यात खोटं काहीच नाही.

त्या नको म्हणाल्या तर? पहिलं नको हे बहुधा लोकांचं असतं. तेव्हा गप्प बस आणि दोन दिवसांनी पुन्हा विचार. तेव्हाही त्या म्हणाल्या की माझं मन होत नाही, सहा महिन्यांपूर्वी हे गेले, मला यंदा बसवत नाही, तर ते नको त्यांचं स्वतःचं आहे. ते मान. ओढून बसवू नकोस. तुझं बरोबर आहे हे सिद्ध करण्यासाठी त्यांना पुढं करायचं नाही. फक्त आत स्वैपाकघरात नको, बाहेर मखराजवळ खुर्ची टाक आणि तिथं बसवून ठेव. कुंकवाचंही तसंच. स्वतः होऊन कपाळाला बोट लावू नकोस. ताट घेऊन त्यांच्यासमोर जा आणि हळूच विचार, लावू का? हो म्हणाल्या तर लाव, नाही म्हणाल्या तर हळद लाव किंवा नुसतं फूल दे. संध्याकाळी शेजारपाजारच्या बायका हळदीकुंकवाला येतील, त्यांत कुणी नवरा गेलेली असेल, तिलाही असंच विचारायचं. वगळायचं मात्र कुणालाच नाही. पूजनाच्या दिवशी सवाष्ण जेवायला घालतात. तुमच्या घरची ती रीत असेल तर जरूर घाला, आणि त्याच पंगतीत सासूबाईंचं पान मांडा. पहिलं.

चुलतसासूबाईंशी तू बोलू नकोस, ते तुझ्या नवऱ्यानं बोलायचं. "तुम्ही बायका काय ते ठरवा" हे त्याचं वाक्य मला आवडलेलं नाही. प्रश्न त्याच्या आईचा आहे. त्यानं काकूंना फोन करून एवढंच म्हणायचं, "काकू, महालक्ष्म्या आई आणि ती मिळून आणणार आहेत. तुम्ही या, तुमच्याशिवाय आरतीला मजा नाही." वाद घालायचा नाही, पुराणं काढायची नाहीत. घरच्या मुलानं शांतपणे सांगितलं की बऱ्याच गोष्टी तिथंच मिटतात, आणि तेच सून बोलली की घरभर होतात. हे माझं पत्र त्याला वाचायला दे. आणि काकूंना मनापासून बोलाव, त्यांना तोडायचं नाही. आरतीचं ताट त्यांच्याही हातात दे.

वर्षाच्या आतलं म्हणशील तर, सुतक दहा दिवसांचं, ते कधीच फिटलं. त्यानंतर वर्षभर सण करू नये असं काही घरांत पाळतात, पण महालक्ष्म्या हा कुळाचार आहे आणि कुळाचारात खंड पडू देत नाहीत, असं मानणारी घरंही तितकीच आहेत. बहुतेक जण अशा वर्षी साधेपणानं करतात. नवी साडी घ्यायची नाही, मोठं हळदीकुंकू करायचं नाही. सासूबाईंना काय वाटतं ते विचार आणि तेवढंच कर.

स्वैपाकाचं इतकं मनावर घेऊ नकोस. सोळा भाज्या वेगवेगळ्या करायलाच हव्यात असं नाही. पुष्कळ घरांत सोळा प्रकार थोडे थोडे घेऊन एकच भाजी करतात. भेंडी, दोडका, पडवळ, लाल भोपळा, गवार, काकडी, आणि या दिवसांत मंडईत सगळं एकत्र निवडून ठेवलेलंही मिळतं. कोशिंबिरींचे चमचाभर वाटे पानात पुरतात. पुरण आदल्या रात्री शिजवून ठेव, वाटायला नवऱ्याला बसव. पोळ्या विकत आणल्यास तरी चालतील, मात्र नैवेद्यापुरत्या पाच घरी लाट. फुलोऱ्याला चार करंज्या आणि एक वेणी केलीस तरी मखर भरल्यासारखं दिसतं. आंबील मात्र टाळू नकोस. ज्वारीचं पीठ आणि ताक, अर्ध्या तासाचं काम आहे, आणि कहाणीतल्या त्या घरानं पहिल्यांदा आठवली ती तीच.

राहिली तुझी भीती. महालक्ष्म्या कडक असतात, हे मीही लहानपणापासून ऐकत आले. कडक याचा अर्थ मी असा घेते की ज्याचं त्याला वेळेवर मिळालं पाहिजे. नैवेद्य वेळेवर, दिवा जागता, दारात आलेल्याला पाणी. भाजी पंधरा प्रकारांची झाली म्हणून लेक माहेरावर रुसत नाही. आईशी नीट वागला नाहीत तर मात्र रुसते. मी तरी रुसले असते.

आवाहनाच्या संध्याकाळी मुखवटे घेऊन तुम्ही दोघी उंबऱ्यात उभ्या राहाल, पायांवर दूध-पाणी घालाल आणि मग पावलांवरून घरभर फिरवाल. देवघर, स्वैपाकघर, धान्याचे डबे, कपाट. तिला सगळं दाखवायचं असतं, इथं काय आहे, तिथं काय आहे. त्या वेळी तुझ्या सासऱ्यांच्या फोटोपाशी आई थांबल्या तर थांबू दे. घाई करू नकोस, ताटं वाजवणाऱ्यांनाही हातानं थांब म्हण. लेकीला घरातलं दुःखही दाखवायचं असतं.

आणि तो करंडा. तुझ्या कपाटातून काढ आणि त्यांच्या खोलीत, होता तिथं नेऊन ठेव. आवाहनाच्या दिवसाची वाट बघू नकोस, हे पत्र वाचून झालं की आजच ठेव. त्या विचारतील का ठेवलास. म्हण, ज्येष्ठेला कुंकू लावताना तुम्हाला लागेल.

तुझी,
मावशी